डोंगरात तीन मुक्काम: जायच्या आधी परत यायची तयारी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या चार पोरांनी विचारलंय: ‘दोघे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला, एक शेती करतो, एक शिकतोय. अमेरिकेतल्या डोंगरांत सगळं सामान पाठीवर घेऊन आठ-आठ दिवस शिकारीला जाणाऱ्यांचे व्हिडिओ आम्ही बघतो. आमच्या आज्याकडेही ठासणीची बंदूक होती. दिवाळीनंतर कणकुंबी-भीमगडाकडच्या रानात तीन मुक्काम करून एखादं डुक्कर मिळालं तर बघावं म्हणतोय. तयारी काय करायची?’

शिकारीचं आधी सांगून टाकतो, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. ती करायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानंतरही काही जनावरांच्या शिकारीचे परवाने मिळत होते, ते १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाले. रानडुक्कर, भेकर, सांबर, साळिंदर, ससा, सगळे कायद्याच्या परिशिष्टांत आहेत. आणि कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ तुम्ही धरता त्याहून मोठा आहे. फासकी लावणं, जनावर हाकणं, नुसता प्रयत्न करणं, हेही शिकारच. साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परिशिष्ट एकमधलं जनावर असेल किंवा अभयारण्यात शिकार झाली असेल तर तीन वर्षांच्या खाली शिक्षा नाही, सात वर्षांपर्यंत जाते. भीमगडचं १९० चौरस किलोमीटरचं रान २०११ पासून अभयारण्य आहे. तिथं परवानगीशिवाय हत्यार घेऊन पाऊल टाकलं तरी गुन्हा. बंदुकीला परवाना नसेल तर शस्त्र कायद्याचा खटला वेगळा. उद्यमबागेतली नोकरी, घरची गाडी, आईबापाची झोप, हे सगळं एका रात्रीत जातं. मी जवळून बघितलंय.

तुमच्या आज्याच्या बंदुकीचा अपमान करत नाही. माझा आजाही शिकारी होता. जांबोटीकडच्या रानात हाक्याला जायचा. त्याच्याबरोबर मी पोरवयात जे फिरलो, ते बंदूक घरात टांगून ठेवल्यानंतरच्या काळात. म्हणून मी त्याच्याकडून नेम शिकलो नाही. वारा बघायला शिकलो, पाण्याची वाट शिकलो, खूर किती ताजा ते ओळखायला शिकलो. त्या शिदोरीवर गेली सव्वीस वर्षं मी परवानगी काढून माणसांना या रानात नेतोय. कधी पक्षी बघायला, कधी जनावरांच्या नोंदी करायला. तीन मुक्कामांची तुमची हौस खरी असेल तर ती पुरी करता येते, आणि त्याबद्दल मला जे येतं ते सगळं सांगतो.

त्या व्हिडिओंतली एक गोष्ट मात्र नीट बघा. कोलोरॅडोसारख्या राज्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस प्रशिक्षणाचा दाखला, त्या जनावराचा परवाना आणि ठरलेला हंगाम असं सगळं घेऊन जातो. बंदुकीच्या हंगामात अंगावर पाचशे चौरस इंच भडक नारिंगी कपडा घालतो, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये. पण खरा शहाणपणा पुढं आहे. मोठ्या एल्कचं मांस ऐंशी-नव्वद किलो सहज भरतं आणि ते पाठीवरूनच खाली आणावं लागतं, चार-पाच खेपा करून. म्हणून जाणता शिकारी घोडा दाबायच्या आधी हिशेब करतो, की इथून रस्ता किती लांब, चढ किती, आणि एवढं ओझं मी नासायच्या आत नेऊ शकतो का. उत्तर नाही आलं तर समोरचं जनावर तो सोडून देतो. तेवढा हिशेब आपल्या रानात घेऊन या. परतीचं गणित आधी.

मला ते उशिरा कळलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी सहा जणांना घेऊन गेलो होतो. परवानगी होती, वाट माझ्या पायाखालची होती. दुपारी बाराच्या सुमाराला एका शिक्षकांचा पाय ओल्या कातळावर सरकला आणि घोट्याचं हाड मोडलं. रस्ता सात किलोमीटर. पाचच्या आत परत येणार म्हणून मी एकच बॅटरी घेतली होती, तीही जुन्या सेलची. वाळलेले दोन बांबू आणि चादरीची झोळी करून आम्ही त्यांना आणलं. रस्त्यावर पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. शेवटचे दोन तास मोबाईलच्या उजेडात. त्या दोन तासांत गव्यांचा कळप वाटेवर असता तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: चौघांतला एक झोळीत आहे असं समजून वाट ठरवायची. उरलेले तिघे त्याला अंधार पडायच्या आत रस्त्याला लावू शकतील, तेवढंच आत जायचं.

आता परवानगी. अभयारण्यात आणि राखीव जंगलात आपल्या मनानं तंबू ठोकता येत नाही. खानापूरच्या वनाधिकाऱ्यांना आधी भेटा, कुठली वाट उघडी आहे, मुक्काम कुठं चालतो, बरोबर वनखात्याचा माणूस लागेल का ते विचारा. अभयारण्यात रात्र काढायची परवानगी नाही मिळाली तर रुसू नका. हद्दीबाहेरच्या गावात ओळखीच्या घरी ओसरीवर मुक्काम करा आणि दिवसा फिरा. डोंगराकडची माणसं पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत. जाताना तांदूळ, चहापत्ती, साखर मात्र घेऊन जा.

महिना कुठला? दिवाळीनंतरचा तुमचा अंदाज बरोबर आहे. पावसाळ्यात आमगाव-कणकुंबीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, जळवाही तेव्हाच. फेब्रुवारी सरला की ओढे आटतात, पाला कुरकुरीत होतो आणि वणव्याची भीती लागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी सरेपर्यंत रान चालायला चांगलं. आपल्याकडं उंचीचा त्रास नाही. अमेरिकेतले ते लोक तीन हजार मीटरवर झोपतात, आपण हजाराच्याही आतबाहेरच. बर्फातल्या जाड झोपायच्या पिशव्या विकत घेऊ नका, एक चांगली रग आणि खाली अंथरायला जाड प्लास्टिक पुरतं. तिकडं उघड्या उतारावर दुर्बिणीनं दोन किलोमीटरवरचं जनावर दिसतं. इथं पंधरा पावलांवरचा गवा दिसत नाही. आपल्या रानातला सगळा धोका आणि सगळी मजा या पंधरा पावलांत आहे.

अंगाची तयारी आजपासून धरा, दोन महिने लागतात. व्यायामशाळेत कमावलेल्या दंडांचा इथं फारसा उपयोग नाही. आठवड्यातून तीन दिवस पाठीवर ओझं घेऊन चढ-उतार करा. सहा किलोनं सुरुवात, शेवटी बारा-तेरा. येळ्ळूरचा राजहंसगड जवळ आहे, तिथं सकाळी दोन फेऱ्या मारा. चढताना दम लागतो म्हणून सगळे चढाची चिंता करतात, पण गुडघे जातात ते उतारावर. उतरताना छोटी पावलं टाका, पाय हलका टेकवा. ते जमलं की पाऊल वाजतही नाही, पुढं जनावर बघताना हीच चाल लागते. बूट नवे असतील तर घरातून निघताना घालायचे नाहीत, आधी निदान पन्नास-साठ किलोमीटर त्यातून चाला. नखं दोन दिवस आधी कापा. फोड आलेल्या पायाचा माणूस तिसऱ्या दिवशी चौघांचं ओझं होतो.

पाण्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण यात बाहेरची शिकवण आपल्याला मारू शकते. रानात चुकलात तर ओढ्याच्या कडेनं खाली उतरा, गाव लागेल, असं सगळीकडं सांगतात. देशावर ते खरं आहे. आपल्याकडं अर्धंच खरं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वाहते, पुढं कृष्णेला मिळते. तिच्या खोऱ्यातल्या ओढ्यानं खाली गेलात तर शेतं लागतील, माणसं लागतील. पण तिथून काही मैलांवर देगावच्या बाजूला म्हादई जन्मते आणि ती पश्चिमेला गोव्याकडं निघते. त्या बाजूचे ओढे सुरुवातीला अगदी गरीब दिसतात, घोट्याएवढं पाणी, दोन्हीकडं गर्द झाडी. तास-दोन तास माणूस आरामात चालतो. मग पाण्याचा आवाज बदलतो आणि पायाखालचा डोंगरच संपतो, समोर सह्याद्रीचा कडा. तिथं संध्याकाळी पोचलेला माणूस ना खाली जाऊ शकत, ना अंधारात वर. म्हणून घाटमाथ्याच्या पश्चिमेला असाल तर पाण्यामागं जायचं नाही. उलट वळून धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावर, चढायचं, धारेवरून गुरांची किंवा जुनी गाडीवाट सापडते. आपण कुठल्या खोऱ्यात आहोत हे दर तासाला एकमेकांना विचारा. निघायच्या आधी नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घ्या, पण त्यावर भरवसा ठेवू नका. रेंज मिळत नाही, गर्द झाडीखाली ठिकाण चुकीचं दाखवतो, आणि थंडीत बॅटरी लवकर बसते. कागदावरचा नकाशा आणि साधं होकायंत्र एकाच्या खिशात, शिट्टी चौघांच्या गळ्यात.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी खळखळ उकळल्याशिवाय पिऊ नका, वरच्या अंगाला गवे लोळलेले असतात. चूल पेटवायची नाही. लहान गॅसची शेगडी, तीही परवानगी असेल तिथं, आणि भोवतीचा पाला हातानं बाजूला करून.

जेवणाचं सामान बाजारात शोधत बसू नका, आपल्याच घरात आहे. आई-आजीकडून ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून घ्या. त्या पंधरा दिवस नासत नाहीत, वजनाला काही नाही, आणि शेंगाचटणीबरोबर भरपेट होतात. भाकरी मोडू नये म्हणून डब्यात उभ्या लावा. गूळ-शेंगदाणे खिशात सुटे, दर तासाला मूठभर. सकाळी पोहे भिजवून गूळ घालून, रात्री डाळ-तांदळाची खिचडी. आमसूल आणि मीठ घ्या, घाम गाळल्यावर नुसतं पाणी पिऊन पोटऱ्या वळतात. गोड म्हणून कुंदा न्यायचा मोह होईल, तो पहिल्याच रात्री संपवा, मुंग्या लागतात. माणशी दिवसाला पाऊण किलो कोरडा शिधा पुरतो, आणि एक दिवसाचा जास्तीचा, ज्याला परत येईपर्यंत हात लावायचा नाही.

अस्वलाबद्दल माझ्या मनात जेवढी धास्ती आहे तेवढी वाघाबद्दल नाही. वाघ-बिबट्या माणसाचा वास आला की आपणहून बाजूला होतात. अस्वलाला नीट दिसत नाही, वारुळात तोंड घालून ते सूं-सूं करत असलं की ऐकूही येत नाही, आणि अचानक जवळ माणूस आला की ते घाबरून अंगावर येतं. डोकं आणि तोंड धरतं. आपल्या तालुक्यात शेताकडं जाणाऱ्या माणसांनाही अस्वलानं फोडलंय. म्हणून ताज्या उकरलेल्या वारुळापाशी, गुहेच्या तोंडाशी, पिकलेल्या उंबराखाली थांबायचं नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला दाट झुडपातून चालायचं नाही. चालताना बोलत चला, काठी दगडावर वाजवत चला. दिसलंच तर पळू नका, त्याच्याकडं तोंड ठेवून सावकाश मागं सरका. अंगावर आलंच तर पालथं पडून हातांनी मान झाका, पाठीवरचं ओझं पाठीवरच राहू द्या.

इथं वाऱ्याची गोष्ट येते. आजा चुलीतली राख फडक्यात बांधून न्यायचा आणि चिमूटभर सोडून बघायचा. पहाटे थंड हवा धारेवरून दरीकडं उतरते, ऊन चढलं की उलटी, दरीतून वर. जनावर बघायला बसायचं असेल तर पहाटे पाणवठ्याच्या खालच्या अंगाला बसा आणि नऊनंतर वरच्या. मग तुमचा वास त्याला जात नाही. चालताना मात्र वारा पाठीवर आला तर बरंच, पुढच्याला आपली खबर आधी लागते. बघायला बसताना लपायचं आणि चालताना कळू द्यायचं, हे दोन्ही एकाच राखेवरून ठरतं. गव्याला निदान शंभर पावलं सोडा, एकट्या नराला त्याहून जास्त. हत्तींचंही विचारून ठेवा. २००२ साली आपल्याकडून दोडामार्गच्या बाजूला उतरलेल्या कळपानंतर हा पट्टा त्यांच्या येण्याजाण्याचा झालाय. जिथं हत्ती असल्याची खबर असेल तिथली वाट त्या वेळी सोडून द्या.

जनावराहून लहान एक वैरी आहे, गोचीड. माकडताप म्हणतात तो क्यासनूरचा ताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला. आता उत्तर कन्नड, गोव्याचा सत्तरी, सिंधुदुर्गाचा दोडामार्ग, आपल्या चहूबाजूंना तो येऊन गेलाय. डिसेंबरपासून मेपर्यंत त्याचा जोर. तुमची सहल बरोबर त्याच्या तोंडावर पडते, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. पँट मोज्यांत खोचा, पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा शर्ट घाला म्हणजे गोचीड दिसते. पाल्यावर थेट बसू नका, पडू नका. आरोग्य केंद्रात गोचिडीसाठीचं तेल मिळतं का विचारा, ते उघड्या अंगाला लावा. रोज संध्याकाळी एकमेकांचं अंग बघा: काखा, जांघा, कानामागं, कमरेचा पट्टा. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही, पेटती काडी लावायची नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता तिथून निघा आणि वनखात्याला कळवा. परत आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की मी रानात राहून आलोय. तोपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज दुसरी दुखणीची गोळी घेऊ नका, या तापात रक्तस्राव होऊ शकतो.

सापाचं थोडक्यात: अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही, दगडाखाली हात घालायचा नाही, बूट झटकून घालायचे. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचलून आणा आणि बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर ती चालत नाही, तिथं डॉक्टरांच्या देखरेखीवरच सगळं असतं. पुन्हा झोळीच. म्हणून झोळीची सवय घरीच करा. एक जाड चादर, दोन काठ्या, तुमच्यातला सगळ्यात जड गडी त्यात घाला आणि गावाच्या पाणंदीतून एक किलोमीटर नेऊन बघा. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. रानात त्याच्या तिप्पट लागतो, त्यावरून तुमची हद्द ठरवा.

सामानाची मोठी यादी देत नाही. माणशी दोन बॅटऱ्या, जास्तीचे सेल, पातळ दोरी वीस मीटर, पट्टी-मलम, पावसाचं एक प्लास्टिक, काडेपेटी मेणानं बंद केलेली. दुर्बीण एक तरी न्या आणि वही-पेन्सिल. खूर दिसला की बाजूला काडीपेटी ठेवून फोटो काढा, मापाचा अंदाज येतो. भेकराचा लहान टोकदार खूर आणि डुकराचा, ज्यात मऊ मातीत मागं दोन जादा टोकं उमटतात, हा फरक पहिल्या दिवशी ओळखता आला तर तिसऱ्या दिवशी तुम्ही वाट वाचायला लागाल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी एक कागद लिहा. कुठल्या वाटेनं जाणार, कुठं मुक्काम, गाडी कुठं लावली, चौघांचे रक्तगट, वनखात्यातल्या ज्यांना सांगितलंय त्यांचा नंबर. खाली मोठ्या अक्षरांत वेळ घाला: चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत फोन आला नाही तर शोधायला निघा. हा कागद मित्राकडं देऊ नका, आईकडं द्या, कारण ती साडेपाचची वाट बघणार नाही. आणि तुम्ही चार वाजताच रस्त्याला लागा, रेंज आली की पहिला फोन तिलाच.